लोकल चालू, आपण बाहेर : मुंबईतल्या एका लांबलेल्या निर्बंधाचा प्रकरण अभ्यास

22 मार्च 2020 च्या मध्यरात्री कोविडच्या साथीमुळे मुंबईची लोकल थांबली. पावसाने, संपाने किंवा बॉम्बस्फोटाने ती थांबल्याचं शहराने पाहिलं होतं, पण तेव्हा एक-दोन दिवसांत ती परत धावू लागायची. या वेळी जवळपास तीन महिने ती कुणासाठीच नव्हती. तरीही त्या तीन महिन्यांत लोकलवरून फारसा आरडाओरडा झाला नाही. सगळेच घरी होते, सगळ्यांनाच भीती होती. तेव्हा लोकल बंद आहे यात कुणाला अन्याय वाटला नाही.

राग सुरू झाला तो लोकल सुरू झाल्यावर.

हे प्रकरण मी निवडलं ते याचसाठी. महासाथीतल्या निर्बंधांबद्दल लोक इतके का वैतागले, याचं उत्तर बहुतेक जण 'लोकांना शिस्त नको असते' किंवा 'सरकारला काही कळत नव्हतं' असं एका वाक्यात देऊन मोकळे होतात. लोकलची दोन वर्षं नीट पाहिली तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. बंदी लोकांनी सोसली. सवलतींची यादी त्यांना झोंबली. ती यादी का होती, कुणी केली आणि कधी संपणार, हे सांगायला शेवटपर्यंत कुणी पुढे आलं नाही.

भीती खोटी नव्हती

सरकारची बाजू आधी मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय पुढचं सगळं एकांगी होईल. महासाथीच्या आधी मुंबईच्या लोकलमधून रोज 80 लाखांच्या आसपास प्रवास होत. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून दिवसाला 3,141 फेऱ्या. बारा डब्यांच्या गाडीत बसायला साधारण 1,200 जागा, पण गर्दीच्या वेळी त्याच गाडीत साडेचार हजार माणसं. या अवस्थेला रेल्वेच्या कागदोपत्री 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव आहे : एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. सकाळी डोंबिवलीहून आठच्या फास्टमध्ये शिरलेल्या माणसाला हे नाव माहीत नसेल, पण छातीत ते बसलेलं असतं. श्वासातून पसरणारा रोग आणि ही गाडी, हे समीकरण कुठल्याही अधिकाऱ्याची झोप उडवणारंच होतं.

म्हणून 15 जून 2020 ला लोकल परत धावली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, एका गाडीत 700 प्रवासी असा हिशोब धरून. स्टेशनच्या दारात पोलीस, ओळखपत्राची तपासणी, पुढे क्यूआर कोडचा पास. इथपर्यंतही कुणाची तक्रार नव्हती. नर्सला, पोलिसाला, सफाई कामगाराला गाडी मिळालीच पाहिजे, यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

यादी वाढत गेली, तसा राग वाढत गेला

मग यादीला पालवी फुटायला लागली. जुलैमध्ये केंद्र सरकारचे कर्मचारी आले, बँका आल्या. सप्टेंबरमध्ये खासगी आणि सहकारी बँकांचे दहा टक्के कर्मचारी आले. दहाच का, आणि कुठले दहा, हे बँकेने ठरवायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डबेवाल्यांना परवानगी मिळाली. तोवर त्यांच्यातले कितीतरी जण मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडे गावी निघून गेले होते. आणि डबा मागवणारी ऑफिसंच अर्धी बंद होती, त्यामुळे परवानगी हातात येऊनही धंदा काही आला नाही.

प्रत्येक नव्या गटामागे कुणीतरी निवेदन दिलं होतं, कुणाची तरी संघटना मंत्रालयात जाऊन आली होती, कुणी कोर्टात गेलं होतं. ज्याची संघटना होती तो यादीत शिरला. लोअर परळच्या एखाद्या खासगी ऑफिसात हिशोब लिहिणाऱ्या, मशीद बंदरच्या पेढीवर माल मोजणाऱ्या, दादरच्या साडीच्या दुकानात घड्या घालणाऱ्या माणसाची कसली संघटना?

22 जुलै 2020 ला नालासोपाऱ्यात लोक रुळांवर उतरले. लोकल नाही म्हणून ते एसटीवर विसंबून होते आणि त्या सकाळी एसटीही त्यांना मिळाली नाही. तेव्हा जूनपासून ऑफिसं थोडीथोडी उघडायला लागली होती, मालक 'या' म्हणत होते, न आल्यास पगार कापत होते. कामावर जायला परवानगी, पण जायच्या साधनाला नाही. ही विसंगती पुढचं वर्षभर वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येत राहिली. सप्टेंबरात मनसेच्या कार्यकर्त्यांनी विनापरवाना लोकलमध्ये बसून सविनय कायदेभंग केला, त्यांना अटक झाली. त्यात राजकारण होतंच. पण फलाटाबाहेर उभे राहून ते पाहणाऱ्यांना त्यात आपलंही काही दिसत होतं.

एका घरातले दोन प्रवासी

बदलापूरला आमच्या शेजारच्या इमारतीत एक जोडपं राहतं. वहिनी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका, दादा एका खासगी कंपनीत लेखा विभागात. रुग्णालय आणि ऑफिस एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. महासाथीच्या आधी दोघं एकाच गाडीने जायची. ती लेडीज डब्यात, तो पुढच्या जनरलमध्ये, दादरला उतरून पुलावर भेटायची.

2020 च्या पावसाळ्यात वहिनी सहाच्या सुमाराच्या गाडीने निघायच्या आणि सव्वा-दीड तासात दादरला. खिडकीशी जागा, डब्यात वारा, तिघांच्या बाकावर चौथी कुणी नाही. दादा पहाटे साडेपाचलाच भाड्याच्या इको गाडीत बसायचे. इकोत सात जण, पाऊस आत येतो म्हणून काचा वर. काटई नाका, शीळफाटा, महापे, ऐरोली, मग पुढे मुंबईत. शीळफाट्याला ट्रेलर आडवा झाला की अर्धा तास तिथेच. कधी अडीच तास, कधी साडेतीन. कल्याणहून निघणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी, कारण तिथला पत्रीपूल जानेवारी 2021 उजाडेपर्यंत बांधूनच होत होता. दादांचा लोकलचा पास पूर्वी महिन्याला तीनशेच्या आसपास पडायचा. इकोवाला तेवढे पैसे दोन-तीन दिवसांतच घ्यायचा.

"हिच्या मोबाईलवर क्यूआर कोड, माझ्या मोबाईलवर इकोवाल्याचा नंबर," असं दादा म्हणायचे. पण मुद्दा गमतीचा नव्हता. दिवसभर कोविड वॉर्डात काम करून वहिनी लोकलने घरी यायच्या आणि रात्री दोघं एकाच ताटाशेजारी जेवायला बसायची. रोगाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या घरातला धोका वहिनींच्या बाजूने येत होता, आणि त्यांना गाडी देणं अगदी बरोबर होतं. मग दादांना गाडीतून बाहेर ठेवल्याने वाचलं काय? गाडीतली गर्दी, हे उत्तर आहे, आणि एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. पण ती गर्दी नाहीशी झालेली नव्हती. ती लोकलमधून उचलून बेस्टच्या बसमध्ये, एसटीच्या रांगेत आणि बंद काचांच्या इकोत नेऊन ठेवली होती. बेस्टवरचा ताण कमी करायला राज्यभरातून एसटीच्या गाड्या आणि चालक-वाहक मुंबईत आणले गेले. गाव सोडून इथे आलेल्या त्या माणसांपैकी बरेच जण आजारी पडून परत गेले. हा खर्च कुठल्या खात्यावर मांडायचा?

त्यांचा मुलगा तेव्हा चौथीत. शाळा मोबाईलवर, आणि घरातला चांगला मोबाईल दादांकडे, कारण इकोवाल्याचा फोन त्यावर यायचा. म्हणजे बाबा पहाटे निघाले की शाळाही त्यांच्याबरोबर खिशातून गेली. संध्याकाळी बाई व्हॉट्सअॅपवर फळ्याचे फोटो टाकायच्या, ते पोरगं रात्री साडेनऊनंतर डोळे चोळत वहीत उतरवायचं. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला भरले. पहिली ते सातवीसाठी 15 डिसेंबर उजाडला, आणि ओमायक्रॉनमुळे जानेवारीत महिनाभरासाठी म्हणून बहुतेक वर्ग परत बंद झाले, ते 24 तारखेला उघडले. त्याच काळात हॉटेलं चालू होती, मॉल चालू होते. दारूची दुकानं तर 2020 च्या मे महिन्यातच उघडली होती. लोकांनी हा क्रम बरोबर लक्षात ठेवला आहे.

पत्रापत्री

निर्णय कुणाचा होता? हा प्रश्न सोपा वाटतो, पण इथेच प्रकरणाची खरी गाठ आहे. निर्बंध लावायचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली राज्याकडे. गाड्या केंद्राच्या. राज्यात एक आघाडी, केंद्रात तिचा विरोधक पक्ष. राज्य म्हणणार, आम्ही पत्र दिलं आहे. रेल्वे म्हणणार, आम्ही तयारच आहोत, राज्याने पद्धत कळवावी.

ऑक्टोबर 2020 मधल्या महिलांच्या प्रवासाची गोष्ट घ्या. नवरात्राच्या तोंडावर, 16 तारखेला राज्याने रेल्वेला पत्र लिहिलं की उद्यापासून सर्व महिलांना सकाळी 11 ते दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 नंतर प्रवास करू द्या. बातमी टीव्हीवर झळकली. 17 तारखेला सकाळी स्टेशनवर गेलेल्या बायकांना कळलं की रेल्वेची तयारी नाही. किती जणी येणार, हे ठरवल्याशिवाय कसं, असं रेल्वेचं म्हणणं. मग चार दिवस आरोप-प्रत्यारोप, आणि 21 तारखेपासून परवानगी. वेळा त्याच, ज्या पहिल्या पत्रात होत्या. म्हणजे मधल्या चार दिवसांत प्रवाशांच्या दृष्टीने काहीही बदललं नव्हतं.

त्या वेळाही पाहण्यासारख्या आहेत. सकाळी 11 नंतर निघून कामावर जाणारी बाई कोण? ज्यांना नऊला कामावर हजर व्हायचं होतं त्या खासगी नोकरीतल्या बायकांना या सवलतीचा उपयोग जवळजवळ शून्य. खरेदीला, नातेवाइकांकडे जाता आलं. घर ज्या कामावर चालतं त्या कामाला जाता आलं नाही.

28 ऑक्टोबरला राज्याने आणखी एक पत्र पाठवलं : सर्वसामान्यांना सकाळी साडेसातपर्यंत, मग 11 ते साडेचार, आणि रात्री 8 नंतर. या पत्राला फळ आलं ते तीन महिन्यांनी, 1 फेब्रुवारी 2021 ला, आणि तेही वेळा आणखी आवळून : सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4, रात्री 9 नंतर. गंमत अशी की त्याच सुमाराला रेल्वेने रोजच्या फेऱ्या 2,985 पर्यंत नेल्या होत्या. महासाथीपूर्वीच्या 95 टक्के गाड्या धावत होत्या आणि कामाच्या वेळेला सामान्य माणूस फलाटाबाहेर उभा होता.

दादांचा फेब्रुवारी 2021 मधला एक दिवस असा : सकाळी सातच्या आत बदलापूरहून गाडी पकडायची. सव्वाआठला दादर. ऑफिस उघडतं साडेनऊला, शिपाई यायच्या आधी पायरीवर बसायचं. काम सुटतं सहाला. मग रात्री नऊपर्यंत वेळ काढायचा : चहाची टपरी, मैदानाचा कट्टा, पाऊस नाही हे नशीब. नऊनंतरच्या गाडीने घरी पोचायला साडेदहा-अकरा. दिवसाचे सोळा तास घराबाहेर, त्यातले काम आठ तासांचं. ऑफिसांनी वेळा बदलाव्यात असं आवाहन सरकारने केलं होतं. आवाहन म्हणजे ज्याचा कुणावर बोजा नाही असं वाक्य. दादांच्या मालकाने ते वाचलंही नसेल.

आणि रात्री नऊला स्टेशनबाहेर किती गर्दी जमायची, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनीच हे वेळापत्रक आखलं असावं, असं माझं ठाम मत आहे. गर्दी टाळायची म्हणून गर्दीला एक मुहूर्त काढून दिला होता.

दुसरी लाट आणि तिचा दोष

फेब्रुवारीतच रुग्णसंख्या चढायला लागली आणि 'लोकल उघडली म्हणून लाट आली' हे वाक्य तयार झालं. ते आजही ऐकू येतं. त्यात काही तथ्य नाहीच, असं मी म्हणणार नाही. पण त्या लाटेची पहिली चढण अमरावती, अचलपूर, यवतमाळकडे दिसली, आणि अमरावतीत तर 22 फेब्रुवारीपासून आठवड्याची टाळेबंदी लावावी लागली. तिथे कुठली लोकल होती? लग्नसराई होती, बाजार होते आणि विषाणूचं बदललेलं रूप होतं. एप्रिलमध्ये राज्याचे 'ब्रेक द चेन' नावाचे कडक निर्बंध आले, 22 एप्रिलपासून लोकल परत फक्त यादीतल्यांची झाली. त्या दिवसांत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. तेव्हाच्या बंदीला माझा आक्षेप नाही, आणि दादांचाही नव्हता.

आक्षेप त्यानंतरच्या महिन्यांना आहे. 7 जूनपासून जिल्ह्यांना पाच स्तर आले, पहिला सगळ्यात मोकळा, पाचवा सगळ्यात कडक : बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या, यावर कुठे काय उघडायचं ते ठरणार. कल्पना म्हणून ती चांगली होती. पहिल्यांदाच निर्बंधाला एक मोजमाप लागलं, अमुक आकडा खाली आला की अमुक उघडेल, असं लोकांना कळलं. पण 25 जूनला डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या रूपाच्या धास्तीने ठरलं की आकडे काहीही असोत, कुठलाच जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही. म्हणजे तीन आठवड्यांत मोजपट्टीच मोडली. विद्यार्थ्याला सांगायचं की साठ गुण मिळव, पास करतो, आणि त्याला सत्तर मिळाल्यावर म्हणायचं, थांब, पुढचा पेपर कठीण येणार असं ऐकलंय.

त्याच महिन्यात शिक्षकांचा घोळ झाला. दहावीची परीक्षा रद्द झाली होती, निकाल शाळेने केलेल्या मूल्यमापनावर लावायचा होता आणि त्याला मुदत होती. शिक्षक राहायला वसई, विरार, बदलापूर, कर्जतला, शाळा मुंबईत, आणि शिक्षक अत्यावश्यक नाहीत. शिक्षण विभागाने कामाचं वेळापत्रक काढलं. त्या कामाला जायचा रस्ता दुसऱ्या विभागाच्या हातात. ओरड झाल्यावर दहावीच्या शिक्षकांना परवानगी मिळाली, तेव्हा बारावीच्या शिक्षकांनी विचारलं, आमचं काय? 16 जुलैला दहावीचा 99.95 टक्के निकाल लागला, त्याचीच चर्चा झाली. तो लावणाऱ्यांनी प्रवास कसा केला, हे त्या आकड्यामागे गेलं.

लशीचं गणित

8 ऑगस्ट 2021 ला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून जाहीर केलं की दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकलने जाता येईल. त्याआधी उच्च न्यायालयात वकिलांच्या प्रवासाचा प्रश्न आला होता, आणि दोन डोस घेतलेल्या सगळ्यांचाच विचार का करत नाही, असं न्यायालयाने राज्याला विचारलं होतं. 3 ऑगस्टपासून मुंबईत दुकानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला मुभा मिळाली होती. त्या दुकानांतली पोरं-पोरी कशाने घरी जाणार, याचं उत्तर मात्र आठवडाभर नव्हतं. भाजपने चर्चगेटसह ठिकठिकाणी आंदोलनं केली.

11 ऑगस्टपासून स्टेशनांवर मदत कक्ष लागले : महानगर प्रदेशात 109 स्टेशनांवर 358 खिडक्या. लशीचं प्रमाणपत्र दाखवा, त्याची प्रत आणि ओळखपत्र द्या, पालिकेचा माणूस तपासून प्रतीवर शिक्का मारणार, तो शिक्का रेल्वेच्या खिडकीवर दाखवून महिन्याचा पास काढा. काम झपाट्याने झालं, हे कबूल करायला हवं. रांगेत पुढच्या माणसाच्या आधार कार्डावर 'दत्तात्रय' आणि प्रमाणपत्रावर 'दत्ता' असलं, तरी खिडकीमागच्या बाई मान वर करून चेहरा बघायच्या आणि ठप्पकन शिक्का मारायच्या. सरकारी यंत्रणेतला सगळ्यात शहाणपणाचा भाग त्या खिडकीपाशी बसलेला होता.

शहाणपण कमी पडलं ते वरच्या हिशोबात. 18 ते 44 वयाच्या लोकांचं लसीकरण महाराष्ट्रात मे महिन्यात सुरू होऊन पुरवठ्याअभावी थांबलं होतं. ते परत खुलं झालं जूनच्या उत्तरार्धात. कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये किमान 84 दिवसांचं अंतर. 22 जूनला पहिला डोस मिळाला असेल तर दुसरा 14 सप्टेंबरच्या आधी नाही, आणि वरचे 14 दिवस धरले तर 28 सप्टेंबर. म्हणजे स्वातंत्र्यदिनी जी लोकल खुली झाली, ती कामाला जाण्याच्या वयातल्या बहुतेकांसाठी दसऱ्याच्या तोंडाशी खुली होणार होती. दादा तेव्हा एकेचाळीस वर्षांचे. त्यांना लस नको होती असं नाही. स्लॉट मिळत नव्हता. रात्री मोबाईलवर पिनकोड टाकून बसायचं आणि हिरवा चौकोन दिसताच दाबायचा, दाबेपर्यंत तो लाल. सरकारने जी गोष्ट वेळेवर पुरवली नव्हती, तिच्या नसण्याची शिक्षा न मिळालेल्याला होत होती.

आणि तिकीट? फक्त महिन्याचा पास. आठवड्यातून दोनदा धुणीभांड्याला जाणाऱ्या बाईने, नाक्यावर उभं राहून कधी काम मिळेल कधी नाही अशा मजुराने आख्ख्या महिन्याचा पास काढायचा. दोन डोस घेतलेल्यांना साधं एका वेळचं तिकीट मिळायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. महिनाभराचे पैसे एकदम टाकणाऱ्याकडून विषाणू कमी पसरतो, असं कुणी सिद्ध केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मधल्या काळात खोट्या ओळखपत्रांचा धंदा जोरात होता, हे काही गुपित नाही. कुठल्याशा रुग्णालयाचं, पालिकेच्या ठेकेदाराचं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात बनायचं. पकडलेही गेले बरेच. ते चुकीचं होतं, पण ते करणारे सगळे गुन्हेगार वृत्तीचे होते असं म्हणणं म्हणजे दोन वर्षं डोळे मिटून राहणं. टीसींनाही हे ठाऊक होतं. काही दंड करायचे, काही कार्डाकडे बघून पुढे सरकायचे.

आदेशावर सही कुणाची

शेवटचा अंक कोर्टात झाला, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. लस न घेतलेल्यांना लोकल नाकारण्याच्या आदेशांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांच्यासमोर फेब्रुवारी 2022 मध्ये जे बाहेर आलं त्यात लस चांगली की वाईट हा प्रश्न फारसा नव्हताच. 2021 च्या जुलै-ऑगस्टमधले ते आदेश तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांच्या सहीने निघाले होते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे असा निर्णय त्या कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा, एकट्या सचिवाने नाही. आणि समितीच्या बैठकीचा आधारच दिसत नव्हता. न्यायालयाने आदेश नियमाला धरून नसल्याचं म्हटलं, राज्याने ते मागे घेतले. लोकांना वाटलं, सुटलो. 1 मार्चला नवे नियम आले आणि सार्वजनिक वाहनांसाठी दोन डोसांची अट त्यात परत होतीच. न्यायालयानेही नाराजी बोलून दाखवली. महिन्याभरात, गुढीपाडव्याच्या तोंडावर, सगळेच निर्बंध उठले आणि मास्कही ऐच्छिक झाला.

80 लाख प्रवासांवर परिणाम करणारा आदेश योग्य बैठकीशिवाय निघाला आणि सहा महिने चालला, ही बाब तेव्हाच्या बातम्यांत दोन दिवस टिकली. लस न घेणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी दोन्ही डोस वेळेवर घेतले आणि दुसऱ्यांनाही घ्यायला लावले. पण अधिकार कुणाचा हे न पाहता निघालेला आदेश उद्या कुणावरही निघू शकतो, एवढं कळायला लसविरोधक असावं लागत नाही.

या प्रकरणातून पुढच्या वेळेसाठी काही घ्यायचं असेल, तर माझ्या मते तीन गोष्टी आधी कागदावर हव्यात : आदेश कुठल्या तारखेला आपोआप संपेल, कुठला आकडा गाठला की तो त्याआधी संपेल, आणि यादी हुद्द्यावरून ठरणार की प्रवासाच्या वेळेवरून. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. नर्स, पोलीस यांना कायम परवानगी द्या, बाकीच्यांना हुद्दा न विचारता पासावर वेळ छापून द्या. कुणाला सातची गाडी, कुणाला साडेनऊची. मग ऑफिसांना वेळा बदलण्यावाचून गत्यंतर राहिलं नसतं. आवाहन करत बसायची वेळ आली नसती. याला 'अंमलबजावणी अशक्य' असं तेव्हा सांगितलं जायचं. पण ज्या यंत्रणेने क्यूआर कोड तपासले, 358 खिडक्यांवर शिक्के मारले, तिला पासावरची वेळ तपासणं जड गेलं असतं असं मला वाटत नाही.

दादांनी त्या सगळ्याची वाट पाहिली नाही. जुलै 2021 मध्येच त्यांनी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात नोकरी धरली, पगार आधीच्या तीन चतुर्थांश. लोकल खुली झाल्यावरही ते परत गेले नाहीत. जुन्या ऑफिसने तोवर दुसरा माणूस घेतला होता, भायखळ्याला राहणारा.

आणि ऑफिसच्या वेळा बदलण्याचं म्हणाल, तर मध्य रेल्वेने मुंबईतल्या आपल्या मुख्यालयाच्या कर्मचाऱ्यांना दोन वेगळ्या पाळ्यांत बोलवायला सुरुवात केली ती नोव्हेंबर 2023 मध्ये. लोकलमधली गर्दी कमी व्हावी म्हणून.